दर दोन तासांनी कूस

डॉक्टरांनी चादर उचलली आणि म्हणाले, “बेडसोअर.” म्हणजे पडून पडून होणारी जखम. सासूबाईंच्या उजव्या खुब्यावर वाटीच्या तळाएवढा काळा डाग होता. तो माझ्या हातचा होता. तुमच्या घरचं कुणी असं अंथरुणाला खिळलं असेल, तर माझा हा मूर्खपणा नीट वाचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासूबाईंना स्ट्रोक आला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्ही धुळ्याकडचे, सुरतेत एका खोलीत राहणारे, नवरा यंत्रमागावर कामाला. शेवटी भेस्तानच्या एका ट्रस्टच्या घरात त्यांना ठेवलं. तिथे लोक महिनोन्महिने, वर्षानुवर्षे राहत. एका लांब खोलीत सोळा बायका, एक आया आणि नर्स सविताबेन.

मी रोज नऊला डबा घेऊन जाई, पाचला निघे. सेवा म्हणजे स्टुलावर बसून सविताबेनवर नजर ठेवणं, अशी माझी समजूत. ही बाई आमच्याकडे मोजून चार मिनिटं येते, मग टेबलावर नोंदींचा चोपडा लिहीत बसते, असं मी नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगे. बाकीच्या पंधराजणींकडेही ती चार-चार मिनिटं जाते, हे गणित काही मला सुचलं नाही.

तिसऱ्या दुपारी अचानक जाग आली. वीज गेली होती; शेजारच्या गल्लीतले माग थांबले आणि त्या शांततेनंच मला उठवलं. (डुलकी लागली होती हे कबूल करायला मला पंचवीस वर्षं लागली!) पाहते तर समोर सोळा पाठी. मघाशी सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, माझ्याकडे होती. आता एकूण एक बाई दक्षिणेच्या भिंतीकडे बघत होती. त्यातली एक तीन वर्षं स्वतःहून हललेली नव्हती. भिंतीवर काही नव्हतं, नुसता चुना. तरी सोळाजणी ऐकत असल्यासारख्या स्तब्ध. दूर टोकाला सविताबेन खाली मान घालून लिहीत होत्या.

दक्षिण म्हणजे यमाची दिशा. धावत जाऊन मी सासूबाईंना पुन्हा खिडकीकडे वळवलं, पाठीला उशी लावली.

पुढचे चार दिवस हाच खेळ. सविताबेन घड्याळ बघून त्यांना वळवत, पाठ पुसत, पावडर लावत, चोपड्यात खूण करत. त्या पुढच्या पलंगावर गेल्या की मी हळूच उलटवी. प्रत्येक वेळी सासूबाई माझ्याकडे डोळे लावून घशातून “अं… अं…” करत. मी म्हणे, “हो आत्याबाई, मी आहे ना!” मला तो आशीर्वाद वाटला. अजून कधी दुपारी वीज गेली की तो आवाज माझ्या कानाशी येतो.

आठव्या दिवशी डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, “एका बाजूवर सारखा भार पडला की तिथे रक्त पोचत नाही, चामडी मरते. म्हणून इथे दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदलायची.” मग त्यांनी चोपडा उघडला. सगळ्या खुणा जागेवर. “सविताबेन, खोट्या खुणा केल्या? आजच्या आज घरी जा.”

खुणा खऱ्या होत्या, पण त्यांच्या बाजूनं साक्ष देणारी बाई फक्त मी. सासूबाईंचे डोळे माझ्यावर. सोळाजणींचे माझ्यावर आहेत असं वाटलं, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“साहेब, मी उलटवत होते,” मी म्हणाले. “दक्षिणेला तोंड नको म्हणून.”

डॉक्टर मला काय बोलले ते नातवंडांना सांगत नाही. सविताबेन राहिल्या. जखम भरायला तीन महिने लागले. रोजचं ड्रेसिंग त्यांनीच केलं. सासूबाई पुढे सहा वर्षं जगल्या, आणि कूस बदलायला मी शिकले ते त्याच दिवशी. डॉक्टर गेल्यावर मी पलंगाची दांडी धरून रडत होते. सविताबेननी घड्याळाकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, “रडायचं नंतर, बेन. चार वाग्या. चालो, त्या बाजूनं पकडा.”