पाझरणारी मडकी

आमच्या उद्यान खात्यात अक्कल सोडून सगळं वेळेवर यायचं. मी तिथला कारकून. साहेबांचे आदेश टाइप करायचे आणि त्यांत काही अर्थ आहे असा चेहरा ठेवायचा, हे माझं काम.

मावशी बागेत झाडूवाली म्हणून लागल्या आणि पुढे माळीण झाल्या. त्यांच्या एका खोलीच्या घरात माठाखालची फरशी कायम ओली असायची आणि फटीतून गवत उगवायचं. सून ते रोज उपटायची, ते रोज यायचं. मावशींनी एवढंच पाहिलं आणि बागेतल्या पायवाटेकडेच्या अठ्ठावीस कडुनिंबांशेजारी एकेक कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडकं भरायचं, वर कौलाचा तुकडा ठेवायचा. पाणी पाझरून मुळाला मिळतं, उन्हाला मिळत नाही. आठवड्याला एकच टँकर येत असे, तरी झाडं तीन उन्हाळे तगली. मावशींना निवृत्तीला एक उन्हाळा उरला होता. "जाताना सावली ठेवून जाईन," असं त्या म्हणायच्या, आणि तेवढंच मागायच्या.

चौथ्या उन्हाळ्यात नवे साहेब आले. त्यांची खोली गार, खिडकी बंद. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं. वरून पत्र आलं की जलबचत दिसली पाहिजे. साहेब बागेत उतरले, मडकी पाहिली, एक उकरायला लावलं.

"हे बाहेरून ओलं कसं?"

"पाझरतंय, साहेब," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे गळतंय. तीन वर्षं गळतंय आणि कुणाला पत्ता नाही."

"गळायलाच पुरलंय ते. झाड तेच पितं."

"मावशी, गळती म्हणजे नासाडी. तुम्हाला नाही कळायचं."

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी सगळी मडकी उकरली, आतून-बाहेरून निळा ऑइलपेंट दिला, प्रत्येकाच्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'पाणी वाचवा' लिहिलं आणि पुन्हा पुरली. मातीखालची ती घोषणा कोणी वाचायची होती, गांडुळांनी? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो गिळला आणि आदेश टाइप केला.

महिनाभर मडकी काठोकाठ भरलेली राहिली. साहेब सळई बुडवून पातळी बघायचे आणि खुलायचे. टँकर अर्धा परत जाऊ लागला. अहवाल मी लिहिला: पाण्याचा वापर जवळपास शून्य. वाक्य खरं होतं, त्याचीच जास्त लाज वाटते. वरून बक्षिसाची ढाल आली. साहेबांनी ती टेबलावर अशी ठेवली की आत येणाऱ्याला आधी ढाल दिसावी, मग साहेब.

बाहेर झाडांनी पानं टाकली. मावशी हातपंपावरून बादल्या वाहू लागल्या, पण अठ्ठावीस झाडं आणि दोन गुडघे, हिशोब जमेना. नऊ झाडं वाळली. नवव्याची फांदी त्यांनी माझ्या टेबलावर आणून मोडली. कट्कन आवाज झाला.

"भाऊ, मडकं भरलेलं आणि झाड तहानलेलं. याला बचत म्हणतात होय?"



सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी उरलेल्या एकोणीस झाडांची मडकी हलक्या हाताने वर काढली. खिळा आणि दगड घेऊन प्रत्येकाच्या तळाला एक भोक पाडलं, त्यात स्वतःच्या जुन्या सुती साडीची चिंधी घट्ट बसवली, मडकी पुन्हा पुरली आणि भरली. आठवडाभरात पाणी उतरलं. पंधरवड्यात झाडांना तांबूस पालवी फुटली.

पालवी साहेबांना दिसली नाही, सळई दिसली. पाण्याचा वापर अचानक का वाढला, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, असं पत्र निघालं. तेही मीच टाइप केलं.

मावशी माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. "लिहा भाऊ. झाडं प्याली."

"पुढे?"

"पुढे काय? सही कुठे करू सांगा."

साहेबांनी खुलाशावर 'असमाधानकारक' असा शेरा मारला. मावशींना शेवटचे चार महिने गोदामात बसवलं, जिथे उगवण्यासारखं काहीच नव्हतं. शाल नाही, निरोपाचा चहाही नाही. शेवटच्या दिवशी मी गोदामाच्या दारापर्यंत गेलो आणि तोंडाला कुलूप लावून परत आलो. मडकी मात्र दुसरा माळी भरत राहिला. त्याला मावशींनी दम दिला होता.

याला सहा वर्षं झाली. एकोणीस कडुनिंब डोक्याच्या वर गेलेत. ढाल अजून टेबलावर आहे. बागेत गाडी आणायला बंदी आहे, तो आदेशही साहेबांचाच. उन्हाळ्यात त्यांची गाडी तेवढी आत येते आणि दिवसभर मावशींच्या झाडाखाली उभी असते.