कांदळाची लावणी

चौऱ्याहत्तर साली चंद्रा अंबाडी गावाकडच्या रानातून लग्न होऊन वळ गावी आली आणि खाडी बघून हबकलीच. नवरा लडकू भिवंडीत लूमवर ड्युटीला. दिवसभर सोबत काय ती सासूची, ठमाबाईची. ठमाबाई चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला होडीतून समोरच्या छोट्या बेटावर जाई. एकदा सुनेलाही घेऊन गेली.

तिथं चिखलावर चक्क मासे चालत होते. "निवट्या त्या," ठमाबाई म्हणाली. चंद्रा खुदकन हसली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग तिला खारफुटीच्या, म्हणजे कांदळाच्या झाडाखाली कोंब फुटलेल्या लांब शेंगा पडलेल्या दिसल्या. भातशेतीतल्या पोरीला उघड्यावर पडलेलं रोप बघवेना. तिनं पदर खोचला आणि भाताची लावणी करावी तशा सगळ्या शेंगा ओळीनं चिखलात खोवल्या.

"खुळी हायस काय गो! कांदळ कोन लावतं? तो आपसूक येतो," ठमाबाई करवादली. चंद्राचं तोंड एवढंसं झालं.

पुढं चंद्रा बाळंतपणाला माहेरी गेली. परतल्यावर एके दिवशी लेकीला शेजारणीकडं ठेवून दोघी बेटावर गेल्या. भरतीनं निम्मी रोपं नेली असतील, अशी मनाची तयारी करूनच चंद्रा होडीतून उतरली. पण ओळीत एकही जागा रिकामी नव्हती. उलट शेजारी आणखी एक ओळ होती; जरा वाकडीतिकडी, लावणीची सवय नसलेल्या हाताची.

चंद्रानं सासूकडं पाहिलं. ठमाबाई चिंबोरीच्या बिळात आकडी घालून बसली होती.

"आपसूक आलीत," ती मान वर न करताच म्हणाली.