दुसरी हिरवी खिडकी

आमच्या सोसायटीच्या गेटवर दगडी कमान आहे, आत कारंजं, आणि कारंज्यात अर्धे कपडे घातलेली एक बाई सतत घागर ओतत उभी. पिवळ्या भिंती, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या. इटलीतलं गाव म्हणे! मी इटली पाहिलेली नाही, ऐरोलीचं ऑफिस तेवढं पाहते. फ्लॅट घेतला तो आईसाठी. घणसोली गावातल्या घरात ती एकटीच राहायची. एकदा मोरीत घसरून पडली, आणि तेव्हापासून फोन वाजला की मी दचकायची.

आई आली, पण अट घालून. "दिवालीपरत बगतंय. नाय जमला तं जायन आपले घरा."

गावात तिच्या दारासमोर मावशीचं दार. सख्खी नव्हे, पण लहानपणापासून मी मावशीच म्हणते. सकाळी एकमेकींना हाक मारल्याशिवाय दोघींच्या घशाखाली चहा उतरत नसे. मावशी रोज भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाते ती आमच्या गेटवरूनच. म्हणून घरभरणीच्या दिवशी तिला सोडायला खाली गेलेल्या आईने वर बोट दाखवून ठरवून टाकलं: कोपऱ्यापासून दुसरी हिरवी खिडकी आपली, रोज तिथून हात करीन.

काही दिवस छान गेले. मावशी खाली थांबून हात करायची, आई वर जाळीआडून. मग मावशी थांबेनाशी झाली. मान खाली घालून सरळ पुढे. आईचं जेवण कमी झालं. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. फोन कर म्हटलं तर म्हणे, "तिना करावा. माजा काय चुकला?" दिवाळी जवळ येत होती. ऑफिसात बसून माझंही कशात लक्ष लागेना. म्हाताऱ्या बायका, आणि रुसवे शाळेतल्या पोरींसारखे!

शेवटी एका सकाळी मी गेटवर मावशीला गाठलंच.

"तुजे आयेला इचार," ती फणकारली. "मोठे घरान गेली ना! रोज हात केला मी येड्यासारखी, पन खिरकी उघरील तं शप्पथ."

तिने बोट दाखवलं. कोपऱ्यापासून दुसरी. झडपा घट्ट बंद.

मी धावत वर गेले. ती खिडकी जिथे असायला हवी तिथे आतून आमचं कपाट होतं, आणि कपाटामागे भिंत. ठोकून पाहिली, भरीव. बिल्डरने बाहेरून नुसत्या झडपा बसवल्या होत्या, शोभेला. आईची खरी खिडकी आतून मोजली तर दुसरी, पण बाहेरून तिसरी, आणि तिच्या जाळीआडचं माणूस खालून दिसत नाही. माझं डोकंच फिरलं. आई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिने आपलं लाल लुगडं तिसऱ्या खिडकीच्या गजाला बाहेरून बांधून टाकलं.

तासाभरात सोसायटीच्या ऑफिसातून इंटरकॉम. "मॅडम, कपडे बाहेर नको, बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचा लूक, खराब होतो."

"होऊ दे," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मावशीने लुगडं ओळखलं आणि पाटी खाली ठेवून दोन्ही हात हलवले. आईनेही जाळी सरकवून हलवले. मला वाटलं, सुटले, आता ही राहते.

संध्याकाळी घरी आले तर आई पिशवी भरत होती.

"आता काय झालं?"

"हात करून काय करू गो? माना तिचेशी बोलायचा हाय."

मी भांडले, रडलेसुद्धा. मग गावातल्या मोरीत धरायला दांडा बसवून दिला. अजून फोन वाजला की दचकते.

आई आता मावशीबरोबर बाजारात बसते. लुगड्यावरून सोसायटीच्या दोन नोटिसा आल्या, ते मी काढलेलं नाही. सकाळी दोघी गेटसमोर थांबतात, माना वर करून ते लाल लुगडं शोधतात. मी घरात असेन तिथून धावत खिडकीशी येते, जाळी सरकवते आणि हात पार खांद्यापर्यंत बाहेर काढते. खाली आईचा हात हलला की मगच ऑफिसला निघते.