पोळ्याच्या दिवशीचा पाऊस

“काका, फेकून देईन मी हे मशीन तलावात!”

पोरगी अशी ओरडली की जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरवरची कबुतरं उडाली, ती थेट दिघोरीला जाऊन बसली. आंधळगावच्या माझ्या मित्राची ही लेक, पीएचडी करत होती. गोंदिया वेगळा झाल्यापासूनचा आपल्या भंडारा जिल्ह्याचा पाऊस तिनं गावोगावच्या पर्जन्यमापकांवरून गोळा केला, नकाशाचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात रोजचा पाऊस भरला. ही फाईल संध्याकाळपर्यंत विद्यापीठाच्या संग्रहात स्वीकारली गेली नाही, तर प्रबंध वर्षभर लांबणार होता. आणि तिच्या लॅपटॉपवर फाईल तपासणारा प्रोग्राम नुसत्या लाल ओळी ओकत होता.

मी नोकरीभर हवामानाच्या फायलीच सरळ केल्या. माझ्या नुसत्या खोकल्यानं फाईल दुरुस्त होते, ही आवई मीच उठवलेली. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

“काहून बोंबलून राहिलं ते?” तिनं विचारलं.

“त्याले नुसता आकडा नाही चालत, बाई. कशाचा, कुठचा, कधीचा, कोणत्या मापात, सगळं ठरलेल्या शब्दांत सांगा लागते. तू नाव ठेवलं ‘पाणी’. नळाचं का डोळ्यातलं?”

रडता रडता हसली. मग नेमून दिलेलं नाव लिहिलं, मिलिमीटर लिहिलं, दिवस कोणत्या तारखेपासून मोजले तेही लिहिलं. लाल ओळी गळत गेल्या. फाईल नकाशावर उघडली, तर अख्खा भंडारा जिल्हा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात! अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते. पांढरी अस्वलं लुगडी खोचून धान रोवताना मी या डोळ्यांनी पाहिली.

“हासू नका ना, काका!”

जिल्हा उचलून जागेवर आणला. शेवटची लाल ओळ गेली. “धाडू?” ती म्हणाली.

“थांब.” मी एकेक दिवस नकाशावर पळवून पाहत होतो. भर पावसाळ्यात, दरवर्षी एक दिवस सगळा जिल्हा ठणठणीत कोरडा. तारीख दर वर्षी निराळी. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि पेटली ट्यूब. पोळा!

“त्या दिवशी मापक कोण पाहते?” ती पुटपुटली. “सगळे बैल सजवण्यात. आमचे बाबापण.” आंधळगावचं मापक तिचे बाबाच पाहायचे. “दुसऱ्या दिवशी बाटली ओतून देतात न् नव्यानं सुरू. मी शून्य टाकला.”

“शून्य म्हणजे पाऊस आलाच नाही, असं तू सांगून राहिली. माहीत नाही, याची खूण वेगळी असते.”

“पण भोकं दिसतील. सर म्हणतील, काम अर्धवट.”

“दिसू दे. भोक लपवलं तर पुढचा माणूस त्यात पडते.”

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग स्वतःच पोळ्याची सगळी शून्यं काढली, तिथं ‘नोंद नाही’ची खूण टाकली, आणि वर्णनात पोळ्याचं कारणही लिहिलं. फाईल गेली. दिवे लागायच्या आत उत्तर आलं: स्वीकारली. मी असा उडालो की छताचा पंखा थोडक्यात वाचला.

तिनं लगेच बाबांना फोन लावला, स्पीकरवर. “बाबा, झालं! पण तुमचे पोळ्याचे दिवस रिकामे ठेवले बरं. पाऊस होता का नव्हता, कोणाले माहीत!”

“पाणी आलता,” पलीकडून बाबा म्हणाले. “बैलाचा रंग धुतला गेलता. मोजला नाही.”