घरात माणसं किती

अकरावीत मला आरोग्य संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. विषय मीच निवडला होता: आमच्या गावात माणशी किती मीठ खाल्लं जातं. सुट्टीभर मी वही घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक घरी दोनच प्रश्न, महिन्याला मीठ किती लागतं आणि घरात माणसं किती. उत्तराआधी कोकम सरबत यायचंच, आणि नको म्हटलेलं तिथे कुणाला चालत नाही.

हिशोब मांडला तर आमचं गाव फारच कमी मीठ खात होतं. मी ऐटीत तक्ता घेऊन रत्नागिरीला मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्या मूळच्या नागपूरच्या. त्यांनी विचारलं, "यातले रोज जेवायला किती असतात?"

आधी मला रागच आला, आणि मग मी वहीतलं एकेक घर आठवून पाहिलं. प्रत्येकीने मुंबईला नोकरी करणारे नवरे, मुलगे, दीर घरात धरले होते. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात, एरवी त्यांचं मीठ मुंबईत. मला कुणी फसवलंही नव्हतं. आमच्या घरापुढे मीच पाच लिहिलं होतं. जेवायला आई आणि मी.

पुन्हा सगळी घरं फिरले, पुन्हा तितकंच सरबत प्यायले. नवे आकडे मिरवण्यासारखे नव्हते, पण खरे होते. बाई खूश झाल्या.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जात रकाना होता, घरातील व्यक्तींची संख्या. मी आईला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पाच."

मी पाचच लिहिलं.