हात कधीच वर केले होते

ऑर्थेल्या बॅस्किन यांना हार्मन शहरात नुसतं 'ऑर्थेल्या' म्हणणारी दोनच माणसं झाली. एक त्यांची आई, ती वारली. दुसरा एक डिटेक्टिव्ह, त्याचं पुढे येईलच. बाकी सगळ्या वस्तीला त्या मिस ऑर्थी. एल्म रस्ता जिथे नवव्या रस्त्याला मिळतो त्या कोपऱ्यावर त्या सव्वीस वर्षं उभ्या होत्या, अंगात पिवळंधमक जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली लाल पाटी. सकाळी मुलांना रस्ता ओलांडून शाळेत सोडायचं, दुपारी शाळेतून अलीकडे आणायचं. सव्वीस वर्षांत एकाही पोराला साधं खरचटलं नाही, आणि हे त्या कोणालाही, न विचारता, सांगत असत.

त्यांची पद्धत साधी होती. गाडी आली की आधी चालवणाऱ्याचे हात बघायचे. फोन धरलेला हात, कॉफीचा कप धरलेला हात, मागच्या सीटवर काहीतरी चाचपणारा हात, सगळे त्यांना दुरूनच दिसत. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी त्या चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून दाराशी सेवेला उभ्या राहत. तिथेही सगळा कारभार हातांचाच. प्रार्थना चालू असताना तोंडाने बोलायचं नसतं. दोन बोटं दाखवली की दोन जागा रिकाम्या, तळहात उभा धरला की आत्ता कोणाला सोडू नका. हातांच्या बाबतीत ह्या बाईची नजर चुकेल, यावर वस्तीतल्या कोणाचाही विश्वास बसला नसता.

आणि त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. तशा आमच्या काळ्या वस्तीत बहुतेकांकडे असतात. एक स्वयंपाकघरातली, घरापुढच्या ओट्यावरची, चर्चच्या पायऱ्यांवरची. दुसरी फोनवरची. बँक, शाळेचं ऑफिस, डॉक्टर, वीज कंपनी, म्हणजे गोरा कान जिथे असेल तिथे ही दुसरी. ती त्यांच्या आईने शिकवली होती. अलाबामाहून बाप ओतशाळेत कामाला म्हणून इकडे उत्तरेला आला, तेव्हा ऑर्थी सहा वर्षांची होती, आणि आईने तिला आरशासमोर उभं करून एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा बोलायला लावला होता. नवरा लॉनी हयात होता तोवर त्या फोनवर बोलायला लागल्या की तो आतून ओरडायचा, "कोण गोरी बाई आलीय गं आपल्याकडे? चहा तरी विचार तिला."

ऑक्टोबरातल्या मंगळवारी दुपारी पावणेतीनला त्यांच्या कोपऱ्यापासून तीस पावलांवर पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. मागचा दिवा लागत नाही म्हणे. व्हॅन डेल्विन ग्रियरची होती. एक्केचाळीस वर्षांचा हा माणूस घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. थंडी पडायच्या आधी मिस ऑर्थींच्या तळघरातली भट्टी तोच पेटवून द्यायचा आणि मोबदल्यात अख्खा पाउंड केक घेऊन जायचा. पोलीस दिसल्याबरोबर त्याने दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. आमच्याकडे मुलाला सायकल शिकवायच्या आधी हे शिकवतात. उतर म्हणाले, तो हात वर ठेवूनच उतरला. एक जण काहीतरी ओरडला, दुसऱ्याने काठी उचलली आणि वर केलेल्या मनगटावरच हाणली. मग तो खाली, आणि गुडघे त्याच्या पाठीवर. जबडा रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटून मोडला. मिस ऑर्थींच्या मागे पाच मुलं उभी होती. त्यांनी मुलांची तोंडं कुंपणाकडे वळवली, आपलं वळवलं नाही.

खटला झाला तो डेल्विनवर. हात लपवले, कमरेकडे नेले, पोलिसांवर चालून गेला. सिद्ध झालं असतं तर चार वर्षं आत.

तिसऱ्या दिवशी डिटेक्टिव्ह आला. मिस ऑर्थींच्या जेवणाच्या टेबलावर त्याने चिमुकला टेपरेकॉर्डर ठेवला आणि म्हणाला, "ऑर्थेल्या, तू फक्त जे पाहिलंस ते सांग." अडुसष्ट वर्षांच्या बाईला तिच्याच घरात. त्यांचं डोकं भडकलं, आणि तिथेच चूक झाली. रागाच्या भरात फोनवरची भाषा सुटली आणि स्वयंपाकघरातली तोंडात आली. त्याने विचारलं, काठी उचलली तेव्हा त्याचे हात कुठे होते? त्या म्हणाल्या, "तेव्हाचं काय विचारतोस? हात तर त्यानं कधीच वर केलेवते."

आठवड्याने तो चार पानं टाइप करून घेऊन आला. दुपारचे अडीच वाजलेले, मुलं सुटायची वेळ, चष्मा स्वयंपाकघरात. त्यांनी दारातच सही केली. वाचलं नाही. हे त्यांनी स्वतःला पुढे कित्येक महिने माफ केलं नाही.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'हात तर त्याने कधीच वर केले नव्हते.'

टाइप करणारा दुष्ट होता असं मी म्हणत नाही. त्याच्या घरी 'कधीच'च्या मागोमाग 'नाही' येत असणार. आमच्याकडे 'कधीच' म्हणजे केव्हाचंच, होऊन गेलेलं, आता त्यावर बोलायचं काही उरलेलं नाही. दूध कधीच नासलं. पोरगी कधीच मोठी झाली. त्याने आमची भाषा आपल्या मते नीट करून लिहिली, आणि नीट करता करता एका माणसाची चार वर्षं लिहून टाकली.

हे पान उजेडात आलं एप्रिलमध्ये. डेल्विनला सरकारने दिलेला वकील, कॉलिन हेझलटन नावाचा तिशीतला गोरा तरुण, ते घेऊन घरी आला. त्या वाचत असताना तो उभाच होता.

"हे मी बोललेच नाही," मिस ऑर्थी म्हणाल्या.

"सही तुमची आहे, मिसेस बॅस्किन."

"सही माझी. वाक्य माझं नाही."

"टेप मी ऐकली. खरं सांगतो, मलाही असंच ऐकू आलं."

"ऐकताना हा कागद समोर होता?"

"हो."

"मग तू ऐकलं नाहीस, बाळा. वाचलंस."

हेझलटन बसला. त्याचं म्हणणं असं की त्यांना साक्षीला उभं करण्यात धोका होता. तेव्हा एक आणि आता एक, शेजाऱ्यासाठी खोटं बोलतेय, असं म्हणतील. पण नाही उभं केलं तरी हे पान सरकारी बाजू आणणारच. अगदी उभं राहायचंच असेल तर भाषा स्वच्छ ठेवा, वाक्यं आधी पाठ करून घेऊ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेल्विन आला. ओट्याच्या पायऱ्या चढला नाही, खालीच थांबला. जबड्यातल्या तारा निघाल्या होत्या, पण उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. नोव्हेंबरात ह्याच माणसाने जबडा बांधलेला असताना, एक शब्द न बोलता, डाव्या हाताने त्यांची भट्टी पेटवली होती आणि त्यांनी त्याला बॅटरी धरली होती.

"मिस ऑर्थी," तो म्हणाला, "तुम्ही तसं सांगितलंत?"

"नाही."

"कागदावर आहे."

"माहितीय मला कागदावर काय आहे ते. वर ये. केक केलाय."

"आज नको," तो म्हणाला आणि निघून गेला. केक तसाच झाकलेला राहिला. मिस ऑर्थींना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि चूक आपली नसताना लाज वाटावी याचा त्यांना त्याहून जास्त संताप आला.

मुलगी रोझेटा जवळच राहायची. ती कामावरून परस्पर येऊन ताडताड बोलायला लागली. गेले दोन आठवडे एक पोलीस गाडी रोज दुपारी कोपऱ्यावर येऊन नुसती उभी राहत होती, हे तिला कळलं होतं. "आई, तुझी नोकरी नगरपालिकेची. एक फोन गेला की कोपरा गेला. तू आपली हात वर कर आणि मोकळी हो. म्हण, आठवत नाही."

"हात वर केले की काय होतं ते पाहिलंय मी," मिस ऑर्थी म्हणाल्या. "बस. जेवून जा."

जूनमध्ये त्या साक्षीला उभ्या राहिल्या, चर्चचा निळा ड्रेस आणि पांढरे हातमोजे घालून. हेझलटनच्या प्रश्नांना त्यांनी फोनवरच्या भाषेत उत्तरं दिली. एकही शब्द घसरला नाही. मग सरकारी वकील उठल्या. करड्या कोटातल्या उंच, शांत बाई.

"आज आपण म्हणालात, 'त्यांनी त्यापूर्वीच आपले दोन्ही हात उंचावलेले होते.' ऑक्टोबरमध्ये आपण असं बोलला नव्हतात."

"नाही."

"मग हे वाक्य आपलं आहे की कोणी बसवून घेतलंय?"

हेझलटनचं तोंड उतरलं. डेल्विन टेबलाकडे बघत होता. मिस ऑर्थींनी एक हातमोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही मांडीवर नीट ठेवले.

"बसवलेलंच आहे, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं बसवलंय. मी सहा वर्षांची असताना. तुमच्यासारख्यांशी बोलायला लागेल म्हणून. आता माझं ऐका. हात तर त्यानं कधीच वर केलेवते."

न्यायालयाची लेखनिक कळांवर बोटं ठेवून थांबली. तिने मान वर केली. "माफ करा. केले होते, की नव्हते?"

"होते."

"पण आपण 'कधीच' म्हणालात," सरकारी वकील म्हणाल्या.

"माझा नवरा कधीच वारला," मिस ऑर्थी म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. तुमच्या ऑफिसात टाइप करायला दिलं तर तो वारलेलाच नसेल. तसं असेल तर रविवारी पाठवून द्या घरी. मी मॅकरोनी करून ठेवते."

ज्युरीत बारा जण होते, त्यात आमचे तिघे. मागच्या रांगेतला एक बसड्रायव्हर हसला आणि त्याने लगेच तोंडावर हात धरला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. मूळ टेप कोणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, ती न्यायाधीशांनी फेटाळली.

टेप लागली. आधी मिस ऑर्थींच्या फ्रिजची घरघर, मग "ऑर्थेल्या, तू" असा तो आवाज. ज्युरीच्या पुढच्या रांगेतल्या म्हातारबाईंच्या कपाळाला आठी पडली. मग मिस ऑर्थींचं वाक्य आलं. न्यायाधीशांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी कोणीही कागदाकडे बघत नव्हतं. केलेवते. हेझलटनने डोळे मिटून घेतले. तीच टेप त्याने चार वेळा ऐकली होती.

सरकारी वकिलांनी एवढंच विचारलं, "मग सही करताना आपण वाचलं का नाही?"

"कारण मला वाटलं मी जे बोलले तेच असेल," मिस ऑर्थी म्हणाल्या. "त्याची शिक्षा मला द्या. त्याला नको."

डेल्विन सुटला. ज्युरीने पूर्ण तीन तासही घेतले नाहीत. पण त्याच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही, नटबोल्टचे पाने फिरवायला एक जण बरोबर लागतो. काठीवाल्या पोलिसाची चौकशी चालू आहे म्हणतात. ती चालूच राहील. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी डेल्विन मिस ऑर्थींच्या ओट्यावर चढला, बसला आणि अर्धा केक संपवला. "लोणी कमी पडलंय," म्हणाला. त्यांनी त्याच्या टाळक्यात हलकेच चापट मारली आणि मग आत जाऊन पुष्कळ वेळ रडल्या.

कोपरा गेला नाही. कदाचित वर्तमानपत्रात चार ओळी आल्या म्हणून, कदाचित थंडीत उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. सप्टेंबरात शाळा उघडली. पहिल्याच दुपारी एल्म रस्त्यावरून पोलीस गाडी आली आणि मिस ऑर्थींनी सवयीने आधी हात बघितले. दोन्ही स्टिअरिंगवर. मग चेहरा बघितला. तोच होता, काठीवाला.

त्यांनी पाटी वर केली. गाडी थांबली. मुलं रस्त्यावर उतरली, दप्तरं उडवत, एकमेकांना ढकलत, पोलीस गाडीसमोरून. मिस ऑर्थी मध्यभागी उभ्या होत्या, डाव्या हातात पाटी, उजवा तळहात उभा. त्याने एकदा हॉर्न अगदी हळू वाजवला. त्या हलल्या नाहीत. मागे आणखी चार गाड्या येऊन थांबल्या, आणि त्यातलं कोणीही हॉर्न वाजवला नाही.

मुलं कधीच पलीकडे पोचली होती. मिस ऑर्थींचा हात अजून वर होता.