बाळसं

'बाळसं' हा शब्द कानावर पडला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. बारशाला, दुकानात, लिफ्टमध्ये, कुठेही कुणी दुसऱ्याच्या पोराचा गाल ओढून म्हणतं, "काय छान बाळसं धरलंय!" आणि मला त्या बाईचा हात झटकावासा वाटतो. येतो राग, काय करू?

माझी लेक जन्मली तीच हृदयात भोक घेऊन. ऑपरेशन करायचं, पण वजन वाढल्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि वजन काही वाढेना. दूध ओढायला लागली की कपाळावर घाम यायचा, दम लागून मध्येच झोपून जायची. मग काढून ठेवलेलं दूध मी वाटी-चमच्याने पाजायचे, थांबत थांबत. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का ते बघत बसायचे. चिखलोलीच्या आमच्या नव्या बिल्डिंगीत कुणी कुणाला ओळखत नाही म्हणतात. साफ खोटं! माझ्या पोरीचं वजन सगळ्या मजल्यांना माहीत होतं. समोरच्या काकू तर दारातच गाठायच्या. "अगं, अंगच धरत नाही पोरगी. तुला दूध येतं ना नीट?" येतं हो काकू, धो धो येतं. तिला ओढवत नाही! किती वेळा सांगायचं माणसाने?

रजा संपली आणि मी अंबरनाथला, कारखान्याच्या ऑफिसात, परत कामावर जायला लागले. बाळाजवळ दिवसभर सासूबाई. त्या बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या, जन्म शेतात गेलेला. नातीवरून जीव ओवाळून टाकायच्या, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. औषध सकाळी मी निघाल्यावर आणि दुपारी द्यायचं असायचं, म्हणजे दोन्ही वेळा त्यांच्याच हातून. सिरिंजने गालाच्या आत हळूच कसं सोडायचं ते त्या माझ्यापेक्षा छान शिकल्या होत्या.

त्या औषधाला घरात 'लघवीचं औषध' म्हणायचे. मेडिकलवाला तसं म्हणाला, मग नवरा म्हणायला लागला, मग सगळेच. अंगात साठणारं पाणी काढून टाकायचं, हृदयावरचा भार कमी करायचा, हे त्याचं काम. पण नाव पडलं लघवीचं. काय मेलं नाव तरी!

आणि मग वजन वाढायला लागलं. चक्क! गाल भरले, मनगटाला वळी पडली. काकूंनी कानशिलावर बोटं मोडली, सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मी उल्हासनगरच्या बाजारात, कॅम्प दोनमध्ये जाऊन मोठ्या मापाचा फ्रॉक घेतला. नेहमीचा साइज नको म्हटल्यावर दुकानदार खूश होऊन म्हणाला, "गुड्डी मोटी हो गई? अच्छा है, अच्छा है." येताना रिक्षात मी रडले. आता ऑपरेशनची तारीख मिळणार होती.

तो फ्रॉक घालूनच तिला आम्ही उल्हासनगरलाच, कॅम्प चारमध्ये डॉक्टरांकडे नेलं. वजनकाट्याकडे बघून मी हसले, ते हसले नाहीत. त्यांनी पोरीचा मोजा काढला, पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा.

"औषध कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"बंद कुठाय? रोज देतो," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"मीच बंद केला," शेजारून सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काय तो अभिमान! "पोर दिसभर मुतायची, डाक्टर. अंगातला सगला रस जायचा. म्हनून त सुकली व्हती. बंद केला नि बघा कशी भरली."

"आजी, हे बाळसं नाही. हे पाणी साठलंय. हृदय थकलंय तिचं."

मला पुढचं नीट आठवत नाही, माझा आवाज तेवढा आठवतो. "तुम्हाला विचारलं होतं कुणी? मला एका शब्दाने सांगता आलं नाही? माझी पोर मारायला निघालात!" बाहेर बाकावर बसलेल्या बायका आत डोकावायला लागल्या. नवरा माझा दंड धरून म्हणाला, "अगं हळू, लोक बघतायत." लोक! आपली पोर धापा टाकतेय आणि ह्याला लोकांची पडलीय! त्याच लोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून तर हे सगळं झालं ना? मी हात सोडवून घेतला. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

लगेच अ‍ॅडमिट केलं. वाचेल ना, असं मी नर्सला सारखी विचारत होते आणि ती सारखी म्हणत होती, "पाणी उतरू दे." पाणी उतरत गेलं. ज्या वजनासाठी मी देव पाण्यात ठेवले होते, ते रोज कमी झालेलं बघून मला हायसं वाटायचं. फ्रॉक तिच्या अंगावर लोंबायला लागला.

काकू भेटायला आल्या. दारातूनच सुरू, "अगंबाई, किती सुकली! चांगलं बाळसं धरलं होतं गं." मी उठलेच, आता ह्यांना सुनावतेच म्हणून. पण त्या डॉक्टरांच्या खोलीपासून गप्प असलेल्या सासूबाई माझ्या आधी बोलल्या.

"तो बालसा नव्हता. माझा शानपना व्हता."

काकू संत्री ठेवून निघून गेल्या.

ऑपरेशन पुढे गेलं, पण झालं. पोर आता घरभर रांगते, स्वयंपाकघरातले डबे पाडते. माझा राग गेला का? नाही गेला. सासूबाईंशी मी कामापुरतं बोलते आणि त्याही आपणहून काही विचारत नाहीत. परवा आंघोळीनंतर पोरीला पुसत होते. मांडीला वळी दिसली, आणि माझा अंगठा आपोआप तिच्या पावलावर गेला. दाबला, उचलला. खड्डा पडला नाही. वर बघितलं तर दुसरं पाऊल सासूबाईंच्या हातात होतं, त्यांचाही अंगठा तिथेच.

"बालसा म्हनू का आता?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "आधी अजून एकदा दाबून बघा."